ट्रंकेतलं जुनं नैरोबी: फोटोचं वर्ष आणि जागा कशी शोधायची

केनियात १९६७ साली परदेशी नागरिकांचं वास्तव्य आणि व्यापाराचे परवाने यांवर नवे कायदे आले, आणि पुढच्या वर्षभरात हजारो भारतीय कुटुंबांनी नैरोबी सोडलं. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी मुंबई-पुण्याला परतलं, कुणी गोव्याला. मोंबासाहून 'करंजा' किंवा 'कंपाला' बोटीने आलेल्या पत्र्याच्या ट्रंका अजून माळ्यावर आहेत आणि त्यांत फोटो आहेत. बहुतेकांच्या पाठीवर 'नैरोबी' एवढंच लिहिलेलं असतं, पुष्कळांवर तेही नाही. हे फोटो नुसते 'किती सुंदर शहर होतं' म्हणून पुढे पाठवले की त्यांची किंमत तिथेच संपते. वर्ष आणि जागा लागली, तर तोच फोटो कागदपत्रासारखा कामाला येतो.

त्यासाठी एकच शिस्त लागते. प्रत्येक फोटोला दोन तारखा द्यायच्या: 'याच्या आधीचा नाही' आणि 'याच्या नंतरचा नाही'. एकदम एक वर्ष ठोकून द्यायचं नाही. पाठीवर वर्ष लिहिलेलं असलं तरी नाही, कारण ते बऱ्याचदा वीस वर्षांनी अल्बम लावताना आठवणीने लिहिलेलं असतं.

आधी स्कॅन, मग तपास

भिंग घेऊन मूळ प्रिंट पुन्हा पुन्हा हाताळू नका. स्कॅन करा आणि पडद्यावर मोठं करून बघा. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला ६०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) पुरतं. बॉक्स कॅमेऱ्याचे ६ बाय ६ किंवा ६ बाय ९ सेंटिमीटरचे छोटे प्रिंट निगेटिव्हएवढ्याच मापाचे असतात आणि त्यांत तपशील ठासून भरलेला असतो, त्यांना १२०० द्या. ३५ मिलिमीटरच्या स्लाइडला ३२००. घरगुती फ्लॅटबेडवर याच्या वर गेलात तर फाइल फुगते, पाटीवरचं अक्षर काही जास्त वाचता येत नाही. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, रंग-उजेडाची दुरुस्ती नेहमी नकलेवर करा. कृष्णधवल फोटोही रंगीत सेटिंगवरच स्कॅन करायचा. कागदाचा पिवळेपणा आणि शाईचे शिक्के त्यात उतरतात, आणि तेही पुरावेच आहेत. पाठीचंही वेगळं स्कॅन घ्या. बरीचशी माहिती तिकडेच असते.

स्लाइड स्कॅन करताना धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय कोडाक्रोम फिल्मवर आणि चांदीच्या कृष्णधवल निगेटिव्हवर बंद ठेवा. कोडाक्रोमचा थर आणि चांदीचे कण इन्फ्रारेड अडवतात. यंत्राला वाटतं ही धूळच आहे, आणि ते माणसांच्या चेहऱ्यांच्या कडा, विजेच्या तारा, पाट्यांवरची अक्षरं 'दुरुस्त' करून पुसून टाकतं. एक्टाक्रोमवर मात्र ती सोय चालते. कोणती फिल्म आहे ते स्लाइडच्या पुठ्ठ्यावर छापलेलं असतं. पुठ्ठा बदललेला असेल तर रंग बघा: १९५० च्या दशकातल्या आणि साठच्या सुरुवातीच्या एक्टाक्रोम आज जांभळट-गुलाबी झालेल्या दिसतात, कोडाक्रोमचं आकाश अजून निळं असतं.

कोकणपट्टीत आणि मुंबईत राहिलेल्या ट्रंकांमधल्या फोटोंवर बुरशी हमखास असते. ओल्या कापडाने पुसू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्याने विरघळतं आणि चित्रच कापडाला लागून येतं. प्रिंट कोरड्या मऊ ब्रशने झटका, रबरी फुग्याने हवा मारा आणि तेवढ्यावर थांबा. सत्तरच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधला प्रिंट ओढून काढायचा नाही. दात साफ करायचा दोरा प्रिंटखालून करवतीसारखा हळूहळू सरकवत न्यायचा. सुटला नाही तर अख्खं पान स्कॅनरवर ठेवायचं. काचेला चिकटलेला फोटो काचेतूनच स्कॅन होतो.

कागद काय सांगतो

नागमोडी, कातरल्यासारख्या कडा असलेला पांढऱ्या बॉर्डरचा प्रिंट साधारण १९५० च्या दशकातला किंवा साठच्या सुरुवातीचा. बरोबर चौकोनी, नऊ सेंटिमीटरच्या आसपासचा रंगीत प्रिंट बहुधा इन्स्टामॅटिक कॅमेऱ्याचा, म्हणजे १९६३ च्या आधीचा नाही. प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत, पाण्याने न वळणारा कागद दिसला तर प्रिंट साठच्या अखेरीचा किंवा नंतरचा. पण हे वय प्रिंटचं झालं, दृश्याचं नाही. १९५५ च्या निगेटिव्हवरून १९७५ मध्ये लग्नघरात वाटायला प्रती काढलेल्या असू शकतात.

पोस्टकार्डातही हीच फसगत होते. टपालाचा शिक्का ही 'याच्या नंतरचा नाही' अशीच तारीख समजा. दुकानदार एकच कार्ड दहा दहा वर्षं विकत, त्यामुळे १९६८ चा शिक्का असलेल्या कार्डावर १९५८ चा रस्ता असणं अगदी नेहमीचं.

पाठीवरचं अक्षर नीट बघा. जुन्या पिढीतल्या मराठी माणसाची मोडीतली ओळ नुसती वेलांटी-गिरगटा वाटते. मोडी वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय 'निरर्थक' म्हणून सोडू नका. गोव्याच्या घरांत रोमी लिपीतली कोकणी किंवा पोर्तुगीज सापडते. गुजराती स्टुडिओच्या हिशेबात 'सं. २०१४' असं असेल तर तो विक्रम संवत आहे: ५७ वजा करा, आणि कार्तिक लागल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचं १९५७ व त्यापुढचं १९५८ असं धरा. मराठी शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर असेल तर ७९.

रस्त्याची पाटी

नैरोबीच्या फोटोत सगळ्यात भक्कम पुरावा पाटीचा. १२ डिसेंबर १९६३ ला स्वातंत्र्य मिळाल्यावर मध्यवर्ती भागातली नावं टप्प्याटप्प्याने बदलली. नेहमी लागणाऱ्या जोड्या अशा:

डेलामेअर अव्हेन्यू – केन्याटा अव्हेन्यू
गव्हर्नमेंट रोड – मोई अव्हेन्यू
प्रिन्सेस एलिझाबेथ वे – उहुरू हायवे
हार्डिंग स्ट्रीट – किमाथी स्ट्रीट
क्वीन्सवे – मामा न्गिना स्ट्रीट
व्हिक्टोरिया स्ट्रीट – टॉम म्बोया स्ट्रीट
ड्यूक स्ट्रीट – रोनाल्ड न्गाला स्ट्रीट
स्ट्युअर्ट स्ट्रीट – मुइंदी म्बिंगू स्ट्रीट
सॅडलर स्ट्रीट – कोइनांगे स्ट्रीट
बझार स्ट्रीट – बियाशारा स्ट्रीट
व्हाइटहाउस रोड – हायले सेलासी अव्हेन्यू

यातली तीन नावं तारखेला फार उपयोगी. टॉम म्बोया यांचा खून ५ जुलै १९६९ ला गव्हर्नमेंट रोडवर झाला, रोनाल्ड न्गाला डिसेंबर १९७२ मध्ये अपघाताने गेले, आणि मोई राष्ट्राध्यक्ष झाले ते ऑगस्ट १९७८ मध्ये केन्याटांच्या निधनानंतर. त्या त्या नावाची पाटी त्या तारखेच्या आधी असूच शकत नाही. उलट दिशेने मात्र जपून. 'गव्हर्नमेंट रोड' ही सरकारी पाटी असेल तर फोटो मोई अव्हेन्यू होण्याआधीचा, पण तेच नाव एखाद्या दुकानाच्या बोर्डावर असेल तर काही सिद्ध होत नाही. दुकानदार रंगवलेला बोर्ड वर्षानुवर्षं बदलत नाहीत, नैरोबीत काय आणि दादरला काय.

रिव्हर रोडचं नाव तेच राहिलं, त्यामुळे तारखेसाठी त्याचा उपयोग नाही.

आकाशरेषा: कोण आहे, कोण नाही

पाटी वाचता येत नसेल तर इमारती मोजा. काही खुणा पक्क्या आहेत. मॅकमिलन लायब्ररी १९३१ ची. संसदेचा घड्याळाचा मनोरा १९५४ चा. न्यू स्टॅन्ले हॉटेलचा थॉर्न ट्री कॅफे १९५९ चा. होली फॅमिली कॅथीड्रलची काँक्रीटची उंच इमारत साठच्या सुरुवातीची. गोवेकर कुटुंबांच्या लग्नाच्या फोटोंत ती मागे असते आणि नवरानवरीच्या चेहऱ्यांइतकीच तीही बघायची असते. डेलामेअर अव्हेन्यूवरचा लॉर्ड डेलामेअरचा पुतळा स्वातंत्र्याच्या सुमारास हलवला. तो जागेवर दिसला तर फोटो त्याआधीचा. हिल्टन हॉटेलचा गोल मनोरा १९६९ मध्ये उघडला. त्याच वर्षी उहुरू पार्क खुलं झालं. २८ मजली, १०५ मीटर उंच केन्याटा इंटरनॅशनल कॉन्फरन्स सेंटर, ज्याला सगळे केआयसीसी म्हणतात, १९६७ मध्ये बांधायला घेतलं आणि १९७३ मध्ये पुरं झालं. त्यापुढच्या टाइम्स टॉवरसारख्या उंच इमारती १९९० च्या दशकातल्या किंवा नंतरच्या, त्या दिसल्या तर प्रश्नच मिटला.

हिल्टन आहे आणि केआयसीसी नाही किंवा अर्धवट आहे, ही चार वर्षांची खिडकी जुन्या अल्बममध्ये नेहमी भेटते. पण 'नाही' म्हणण्याआधी एक काम करा. नकाशावर फोटो घेतल्याची जागा आणि दिशा यांची रेघ ओढा आणि केआयसीसी चौकटीत यायलाच हवा होता का ते तपासा. रस्ता अरुंद असेल तर जवळची चार मजली इमारतही २८ मजले झाकते. जी वस्तू दिसायला हवी होती आणि दिसत नाही, तीच पुरावा.

आता एका नमुन्यावर सगळं जोडून बघू. समजा चौकोनी रंगीत प्रिंट आहे, थोडा लालसर झालेला. रुंद रस्ता, दुतर्फा जॅकरंडा फुललेले, मागे गोल मनोरा, पुढे प्यूजो ४०४ गाडी. चौकोनी प्रिंट म्हणून १९६३ च्या पुढे. ४०४ आली १९६० ला, तिने नवीन काही सांगितलं नाही. गोल मनोऱ्यावर खिडक्या, नाव सगळं बसलेलं, म्हणून १९६९ च्या पुढे. डावीकडच्या दुकानाशेजारी सरकारी पाटी 'गव्हर्नमेंट रोड', म्हणून मोई अव्हेन्यूच्या आधीचा. आता कोपऱ्यातली बिस्किटी रंगाची गाडी मोठी करा: तिरप्या दिव्यांची प्यूजो ५०४. तीही १९६८ पासूनचीच, म्हणजे खालची मर्यादा काही सरकली नाही. जॅकरंडा नैरोबीत मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरला फुलतो, म्हणून महिना जवळपास ठरला. नोंद अशी होईल: 'ऑक्टोबर-नोव्हेंबर, १९६९ ते १९७८'. नऊ वर्षांचं अंतर दिसायला मोठं, पण ते खरं आहे. ते कमी करायला केआयसीसीची रेघ ओढायची.

गाड्यांकडे बघताना मराठी डोळा हमखास फसतो. ॲम्बॅसेडर दिसली म्हणून फोटो मुंबईचा होत नाही. ती मॉरिस ऑक्सफर्ड असते, आणि नैरोबीतही गाड्या डाव्या बाजूनेच चालतात. पटेल, शहा, डिसोझा यांच्या पाट्याही दोन्हीकडे. नंबरप्लेट वाचा: केनियाची 'के' ने सुरू होते, युगांडाची 'यू' ने, टांगानिकाची 'टी' ने. केनियाच्या नंबराच्या शेवटी एक जादा अक्षर असेल तर तो फोटो १९८९ च्या आधीचा नाही. रस्त्यावर हस्तिदंतांची प्रचंड कमान दिसली की ते मोंबासा. घरोघरच्या अल्बममध्ये ती 'नैरोबी' म्हणून लावलेली सापडते.

सावली

हे साधन फुकट आहे आणि फारसं कुणी वापरत नाही. नैरोबी विषुववृत्ताच्या जेमतेम सव्वा अंश दक्षिणेला आहे. पुण्यात वर्षाचा बहुतेक काळ भर दुपारची सावली उत्तरेला पडते, म्हणून आपण नकळत तेच गृहीत धरतो. नैरोबीत साधारण १७ मार्च ते २६ सप्टेंबर दुपारची सावली दक्षिणेला आणि उरलेले सहा महिने उत्तरेला. तिथली खरी मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या सुमाराला होते. २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य ६५ अंशांवर असतो, म्हणजे माणसाची सावली त्याच्या उंचीच्या निम्म्याहून थोडी कमी.

रस्ता ओळखू आला असेल तर नकाशावरून त्याची दिशा घ्या, सावली कुठे पडली ते बघा आणि वर्षाचा अर्धा भाग बाद करा. रस्ता माहीत नाही पण महिना माहीत आहे, तर उलटं करा. सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी तीननंतरच्या सावल्या मुख्यतः पश्चिमेला आणि पूर्वेला पडतात, त्यांवर हा हिशेब लावू नका. जून ते ऑगस्ट आकाश बऱ्याचदा राखाडी असतं आणि सावली सापडतच नाही. फोटोत सगळे स्वेटर घालून असतील तर तोच अर्थ घ्या.

सावलीच्या आधी स्लाइड उलटी तर नाही ना, हे बघायला विसरू नका. पाट्या वाचता येत नसतील तर गाड्या बघा. उजव्या बाजूने चालल्या असतील तर स्लाइड उलटी स्कॅन झाली आहे. पुरुषांच्या शर्टाची बटणपट्टीही तेच सांगते.

जे चौकटीत नाही

तारखा लावून झाल्यावर फोटोखाली 'तेव्हाचं स्वच्छ, मोकळं नैरोबी' असं लिहायचा मोह होतो. तो आवरावा. डेलामेअर अव्हेन्यूवरचा फोटो म्हणजे शहर नव्हे. १९२० पासून आफ्रिकी पुरुषांना किपांडे हा ओळख-परवाना गळ्यात डबीत घालून फिरावं लागे. तो जिथे देत ते किपांडे हाउस त्याच रस्त्यावर उभं आहे आणि कित्येक फोटोंत मागे दिसतं. वस्त्या वेगळ्या होत्या: आफ्रिकींना पुमवानीसारखे भाग, भारतीयांना न्गारा-पार्कलँड्स, युरोपियनांना मुथाइगा. १९५४ च्या एप्रिलमध्ये ऑपरेशन ॲन्व्हिल या ब्रिटिश लष्करी मोहिमेत हजारो आफ्रिकी लोकांना शहरातून उचलून छावण्यांत नेलं. त्यानंतरच्या काही फोटोंतला मोकळेपणा नगररचनेचा नाही. म्हणून नोंदीत 'कुणी, कुठून, कुठल्या वस्तीत राहून काढला' हा रकाना ठेवाच. भारताचे पूर्व आफ्रिकेतले पहिले आयुक्त औंधचे अप्पासाहेब पंत १९४८ ते १९५४ नैरोबीत होते. त्या काळातल्या समारंभांच्या समूहफोटोंत भारतीय आणि आफ्रिकी पुढारी एका रांगेत दिसले तर प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्या, 'इतर' लिहून सोडू नका.

घरच्या मोठ्यांना विचारताना

फोटो हातात देऊन 'हे कुठल्या सालचं?' असं विचारलंत की उत्तर अंदाजाने येतं. तुम्ही स्वतः साल सांगितलंत तर त्याहून वाईट, मान डोलावून होकार मिळतो. रोजच्या हालचाली विचारा. 'काकू, भाजी सिटी मार्केटमधून आणायचात की बझारातून?' 'शान टॉकीजला घरून चालत जायचात का?' 'काका, तुम्ही शाळेत बसने जायचात तेव्हा हिल्टन झालं होतं?' शान न्गारातलं आणि ग्लोब त्याच नावाच्या चौकाजवळचं. सिनेमाघरावरून वस्ती लागते आणि वस्तीवरून रस्ता. सफारी रॅली ही मोटारशर्यतही चांगला खुंटा आहे. जोगिंदर सिंग यांनी ती १९६५, १९७४ आणि १९७६ अशी तीनदा जिंकली, आणि त्या घरांत ती वर्षं कुणी विसरलेलं नसतं. मोठी माणसं जुनीच नावं घेतात. 'गव्हर्नमेंट रोड' ऐकलंत तर तसंच लिहा, शेजारी आजचं नाव जोडा, दुरुस्त करायला जाऊ नका.

एका बैठकीत दहा-बारा फोटो पुरे. नंतर सगळे रस्ते एकसारखे वाटू लागतात.

त्याच जागेवरून आजचा फोटो

नैरोबीला कुणी जाणार असेल तर जुन्या फोटोची ए-फाइव्ह आकाराची छापील प्रत बरोबर द्या. भर उन्हात फोनच्या पडद्यावर बारकावे दिसत नाहीत. फोटोत एक जवळची आणि एक लांबची वस्तू निवडा, उदाहरणार्थ खांबाची कड आणि मागच्या इमारतीची खिडकी, आणि ती एकमेकांवर तशाच येईपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग उंची जमवा. बॉक्स कॅमेरा पोटाशी धरत, म्हणून बहुतेक वेळा गुडघ्यात वाकावं लागतं. शेवटी पुढे-मागे. हे जमल्याशिवाय झूमला हात लावू नका. चुकीच्या जागेवर उभं राहून झूम केलं तर खांब आणि खिडकी कधीच जुळत नाहीत. त्या काळचे बहुतेक घरगुती कॅमेरे आजच्या फोनच्या साध्या लेन्सपेक्षा अरुंद बघत, साधारण दुप्पट झूमवर ती चौकट मिळते.

शहराचं पूर्ण दृश्य असलेली पुष्कळ जुनी पोस्टकार्डं पश्चिमेकडच्या टेकडीवरून, उहुरू पार्कच्या वरच्या बाजूने घेतलेली आहेत. तिथून दुपारी तीननंतर काढा, सकाळी सूर्य थेट भिंगात येतो. वरून बघायला केआयसीसीच्या गच्चीवर तिकीट काढून जाता येतं. स्टेट हाउस, लष्कर-पोलिसांच्या इमारती, न्यायालयं यांच्याकडे कॅमेरा रोखायचा नाही. बँकेच्या रखवालदाराला आधी जुना फोटो दाखवा, बऱ्याचदा तोच उत्सुकतेने जागा दाखवतो. मोई अव्हेन्यू आणि रिव्हर रोडवर फोन हातातून हिसकावला जातो, म्हणून दोघांनी जावं: एकाने चौकट बघायची, दुसऱ्याने रस्ता.

काही जागा आता मिळणारच नाहीत. उहुरू हायवेवर २०२२ पासून एक्स्प्रेसवेचे खांब आहेत आणि बोगनवेलीच्या रांगांमागे शहर दिसणारा तो जुना कोन काँक्रीटमागे गेला आहे. हिल्टन हॉटेल २०२२ च्या अखेरीस बंद झालं, मनोरा उभा आहे. मूळ जागा आता चालत्या रस्त्याच्या मध्यावर येत असेल तर तिथे उभं राहू नका. जवळच्या फुटपाथवरून काढा आणि फाइलच्या नोंदीत 'मूळ जागेपासून अंदाजे ६ मीटर पूर्वेला, उंची १ मीटर जास्त' असं मोजून लिहा. फाइलचं नाव दोन्ही तारखांसकट: 'नैरोबी-१९६९-१९७८-गव्हर्नमेंट-रोड-०४-मूळ' आणि शेजारी तेच नाव, शेवटी 'पुन्हा' व आजची तारीख.